आत्याच्या उंबऱ्याची पातळी

आम्हा विद्यार्थ्यांना कॉम्प्युटर दिसायचा तो काचेतून. आमच्या कॉलेजात तो नव्हताच. मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत एक आला होता आणि तिच्याशी बोलणी करून कॉलेजानं आम्हाला तिथं आठवड्यातून एकदा काम टाकायची परवानगी मिळवली होती. साठीचं दशक संपत आलं होतं. शहापूरच्या आमच्या आळीत तोवर आकडेमोडीचं यंत्र म्हणून कोणी काही पाहिलं असेल तर तो भाताच्या गिरणीतला वजनकाटा. कॉलेजात स्लाइड रूल हातात आला तेव्हाच मला आपण फार पुढे गेलो असं वाटलं होतं. वडील कसाऱ्याला रेल्वेत होते. त्यांना तो दाखवला तर ते म्हणाले, "पट्टी आहे होय? बरी आहे."

कॉम्प्युटरच्या इमारतीत चपला बाहेर काढाव्या लागत. आत जायचं म्हणजे खिडकीपर्यंत. खिडकीमागे काच, काचेमागे थंडगार खोली आणि त्या खोलीत लोखंडी कपाटांसारखं काहीतरी रांगेनं उभं. आम्ही छापील तक्त्यावर पेन्सिलीनं प्रोग्राम लिहायचो आणि शेजारच्या खोलीतल्या पंचिंग मशीनवर बसून तो कार्डांवर उतरवायचो. एका ओळीला एक कार्ड. बिस्किटी रंगाचा जाड कागद, एक कोपरा तिरका कापलेला. बटण दाबलं की त्यात चौकोनी भोक पडे. चुकलं तर खोडायची सोय नाही. कार्ड टोपलीत टाकायचं आणि नवीन घ्यायचं. सगळा गठ्ठा झाला की त्याला रबर लावून खिडकीत द्यायचा.

आधी तिथल्या संशोधकांची कामं व्हायची, मग बाहेरच्या संस्थांची, आणि यंत्राला फुरसत उरलीच तर आमची. उत्तर शनिवारी भिंतीतल्या खणात येऊन पडे. बहुतेक वेळा ते उत्तर नसेच. कुठंतरी एक स्वल्पविराम राहिलेला असे आणि त्यापायी यंत्रानं पानभर कुरकुर छापलेली असे. की पुन्हा पुढच्या आठवड्यापर्यंत हात बांधून बसा. माझ्या वर्गातली पोरं यावर जाम वैतागायची. मला मात्र हा कारभार आवडायचा. आपल्याकडे कचेरीत गेलं की "बघू", "उद्या या", "साहेब जाग्यावर नाहीत". हे यंत्र सरळ नाही म्हणायचं आणि कुठल्या ओळीत नाही तेही सांगायचं.

त्या वर्षी आमच्या वर्गाला मिळालेलं काम नेमकं माझ्या ओळखीच्या मुलखातलं निघालं. मुरबाड तालुक्यात, धसईच्या पलीकडे, एका नदीवर धरण बांधायचा सरकारी खात्याचा विचार चालला होता. आमचे सर्व्हेचे सर त्या खात्याला सल्ला देत. खात्यानं नदीच्या दोन्ही तीरांवर आकडे घातलेल्या खुंट्या ठोकून नकाशा केला होता. आम्ही हिवाळ्याच्या कॅम्पमध्ये प्रत्येक खुंटीपाशी जमिनीची उंची मोजायची, म्हणजे आमच्या भाषेत पातळी घ्यायची. अंतरं नकाशावरून घ्यायची. मग भिंत खात्यानं ठरवली तेवढी उंच बांधली तर पाणी किती साठेल आणि कुठल्या खुंटीपाशी किती खोल असेल, ते कॉम्प्युटरवर काढायचं. हातानं हे करायला एका माणसाचा उन्हाळा गेला असता.

त्या नदीच्या उजव्या तीरावरच्या पाड्यात माझी आत्या राहायची. वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, लेक लग्न होऊन दूर गेली, आणि ही एकटी बाई चार खाचरं कसून राहत होती. घर कुडाचं, कारवीवर शेण-माती लिंपलेलं. दर पावसाळ्यात खालची हातभर भिंत ओलीनं कुजायची आणि दर दिवाळीला ती पुन्हा लिंपायची. आता तिला पक्कं दगडी जोतं घालून त्यावर विटांच्या भिंती उभ्या करायच्या होत्या. जोत्याचे दगड तिनं दोन उन्हाळे थोडे थोडे करून दारात आणून रचले होते. गवंडी ठरला होता. आणि त्याच सुमाराला खात्याची माणसं येऊन तिच्या उंबऱ्याला लागून एक खुंटी ठोकून गेली.

कॅम्पच्या पहिल्याच दिवशी, आम्ही गावच्या शाळेत उतरलो होतो तिथं, ती भाकऱ्यांचं टोपलं घेऊन आली. पोरांना वाढलं आणि मला बाजूला घेतलं.

"पोरा, तुमी लोक पानी मोजाय आलाव ना? मंग मला येवडंच सांग. जोतं घालू का नको? पानी येनार असंल तर कशाला दगड पुरू?"

मी म्हटलं, "आत्या, ते मशीन सांगेल. मोजून झालं की."

"मशीन सांगंल? कवा?"

"होळीच्या आसपास."

"मंग गवंड्याला होळीचा वायदा देते," ती म्हणाली आणि रिकामं टोपलं डोक्यावर घेऊन निघाली.

सरांनी आमच्या दोन टोळ्या केल्या. मला डाव्या तीरावर टाकलं. उजव्या तीरावर सगळी मुंबईची पोरं. ती ज्या दिवशी आत्याच्या पाड्यातून पातळ्या घेत गेली, त्या दिवशी पाड्यात माणूस नव्हतं. सगळे म्हशाच्या जत्रेला गेले होते, कोणी बैल बघायला, कोणी घोंगडी घ्यायला आणि बाकीचे नुसते फिरायला. पोरांना बरंच झालं. मध्ये मध्ये करणारं कोणी नाही, खुंट्या पांढऱ्या चुन्यानं रंगवलेल्या, लांबून दिसणाऱ्या. दुपारीच परत येऊन ती पत्ते खेळत बसली.

मुंबईला आल्यावर प्रोग्राम मी लिहिला. दोन आठवडे स्वल्पविरामात गेले. तिसऱ्या शनिवारी खणात जाड घडी दिसली तेव्हाच कळलं की काम झालं. दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद, त्यावर आकड्यांचे खांब. मी तो तिथंच पायऱ्यांवर उलगडला आणि पहिल्यांदा आत्याच्या उंबऱ्याची खुंटी शोधली. पाण्याची खोली तीन पुरुषांहून जास्त.

वाईट वाटलं. पण वाईट वाटून संपल्यावर नजर वरच्या-खालच्या ओळींवर गेली आणि काहीतरी खटकलं. आत्याच्या ओट्यावर बसलं की तिची खाचरं पायांखाली दिसतात. उतरून जायला बरीच पायवाट आहे, पावसात तिथं घसरायला होतं. आणि या कागदावर तिचा उंबरा आणि तिचं खाचर जवळजवळ एका पातळीत होते. अख्खा पाडा नदीच्या काठाशी जाऊन बसल्यासारखा.

खिडकीतल्या गृहस्थांना मी म्हटलं, "मशीनचं काहीतरी चुकलंय."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. रोज ऐकत असावेत. "तुमची कार्डं बघा," म्हणाले.

कार्डं बघितली. एकेक आकडा पोरांच्या मोजणीच्या वहीशी ताडून बघितला. सगळं बरोबर होतं.

सर मात्र खूश होते. जमीन इतकी सखल असल्यामुळे त्याच भिंतीमागे खात्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पाणी मावत होतं. "उत्तम जागा आहे," ते म्हणाले. "खात्याला कळवतो." मी शंका काढली तर म्हणाले, "उत्तर चांगलं आलंय तर त्याला कशाला टोचतोस?" सर माणूस म्हणून वाईट नव्हते. पण छापलेल्या आकड्यापुढे भल्याभल्यांची मान आपोआप लवते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माझी लवली नाही ती काही हुशारीनं नव्हे. त्या पायवाटेवर मी लहानपणी दोनदा आपटलो होतो म्हणून.

पुढच्या रविवारी शहापूरहून मुरबाड आणि मुरबाडहून धसई असा दोन एस्ट्या बदलत गेलो. धसईहून चालत. पाड्यात शिरताना पाहिलं तर आत्याच्या उंबऱ्यापाशी खुंटी नव्हती. ती दिसली खाली, नदीच्या अंगाला, खाचराच्या बांधावर. तिच्या ओळीत बाकीच्या, पाड्यातल्या सगळ्या, नीट चुना लावून, आकडे पुढे करून उभ्या.

"आत्या, या खुंट्या खाली कशा गेल्या?"

"आमी नेल्या," ती म्हणाली. चेहऱ्यावर अपराध नव्हता, उलट काम फत्ते केल्याचं समाधान होतं. "दिवाळी झाल्यावर. सगल्यांनी मिलून. ते खात्याचे लोक म्हनले, खुंट्या पान्यासाठी हायत. जिथं खुंटी तिथवर पानी. मंग दारात कशाला ठेवाची? खाली नेऊन ठोकल्या. आता पानी तिकरंच थांबंल."

मी ओट्यावर बसलो. हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही कोणावर काढावं ते कळत नव्हतं. शेतावरून भांडण झालं की हीच माणसं बांधाचा दगड कोणी बोटभर सरकवला तर तालुक्यापर्यंत जातील. खुंटी म्हणजे हद्द, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. हद्द आपल्या सोयीनं सरकवली की पलीकडचा गडी मागे हटतो, हेही ठाऊक. पलीकडचा गडी म्हणजे पाणी असलं म्हणून काय झालं?

मी तिला समजावून सांगितलं. खुंटी ही हद्द नाही, तिथं फक्त जमिनीची उंची मोजायची असते. खुंटीवरचा आकडा तुझ्या उंबऱ्याचा आणि मोजणी नदीकाठची, असं झालं. मशीनला वाटलं तुझं घरच खाली आहे. म्हणून त्यानं ते बुडवलं. खुंट्या जागच्या जागी असत्या तर कदाचित बुडालं नसतं.

तिनं पदर तोंडाला लावला आणि खाली बांधावरच्या खुंट्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे आमीच आमचा पाडा नदीत नेऊन बसवला?"

"कागदावर."

"मंग कागदावरून वर आन की रे!"

सरांना मी सांगितलं की उजव्या तीरावरच्या खुंट्या जनावरांनी हलवल्या आहेत. दोन पायांचं जनावर हेही जनावरच, तेव्हा खोटं असं काही बोललो नाही. त्यांनी नाराजीनंच डंपी लेव्हल, म्हणजे पातळी घ्यायचं दुर्बिणीचं यंत्र, द्यायला सांगितलं. ते तिवई आणि उंच मोजपट्टीसकट एस्टीच्या टपावर चढवून मी पुन्हा पाड्यात गेलो. खुंट्यांची जुनी भोकं अजून बुजली नव्हती, भोवती चुन्याचे शिंतोडे होते, त्यामुळे जागा सापडायला त्रास झाला नाही. शाळेच्या पायरीवर खात्यानं कोरलेली, उंची ठरवून दिलेली खूण होती, ती कोणी उचलून नेऊ शकलं नव्हतं. तिथून सुरुवात केली. मी दुर्बिणीला डोळा लावायचा आणि पाड्यातल्यांपैकी कोणी तरी पट्टी धरायची.

आपल्या उंबऱ्यापाशी पट्टी दुसऱ्या कोणाला धरू द्यायला आत्या तयार झाली नाही. मी लांब, चिंचेखाली लेव्हल मांडून बसलो होतो. दुर्बिणीतून पाहिलं तर आकडा भलताच कमी, म्हणजे जागा भलतीच उंच. डोळा बाजूला घेऊन नुसतं पाहिलं. आत्या जोत्यासाठी रचून ठेवलेल्या दगडांच्या ढिगावर चढली होती आणि पट्टी ढिगाच्या टोकावर टेकवून, तोंड घट्ट मिटून, ताठ उभी होती.

"आत्या, खाली उतर! पट्टी जमिनीवर टेकव!"

"ही जमीनच समज!" तिथून ओरडली. "जोतं हितंच येनार हाय!"

"जोतं अजून नाही ना आलं!"

"तू सांगल्याबिगर घालू कसं? आनि घातल्याबिगर तू लिहीत नाय!"

चिंचेखाली जमलेली माणसं माझ्याकडे बघत होती. तो आकडा लिहिला असता तर कोणाला कळणार होतं? एका कार्डावर दोन भोकं इकडची तिकडे. मला तो मोह झाला आणि बऱ्यापैकी झाला, हे सांगितलं पाहिजे. पण ढिगावरची पातळी लिहून मशीनला विचारायचं असेल तर विचारायचंच कशाला? मी हातानं खाली उतरायची खूण केली आणि हात तसाच धरून राहिलो. शेवटी ती उतरली. पट्टी उंबऱ्याशी, मातीवर टेकवली. मी आकडा लिहिला.

नवीन कार्डं मारली, खिडकीत दिली. त्या आठवड्यात आधी संशोधकांचं काम लांबलं, मग थंड हवेचं यंत्र बिघडलं म्हणून कॉम्प्युटरच बंद. होळी होऊन गेली. आत्याचा वायदा माझ्या डोक्यात रोज टोचत होता. त्या काचेमागे बसलेल्या कपाटांना गवंडी ठाऊक नव्हता, आणि मी तरी खिडकीत काय सांगणार, की माझ्या आत्याला जोतं घालायचंय, जरा पुढे घ्या?

अखेर एका शनिवारी घडी आली. पाणी साठणार होतं ते आता खात्याच्या अंदाजाहूनही कमी होतं. सर कागद बघून "हं" म्हणाले आणि त्यांनी तो बाजूला ठेवला. पाड्यातली वरची घरं कोरडी होती. खालची पाण्यात. आत्याचं घर नेमकं मध्ये. उंबऱ्याशी पाणी गुडघाभर.

मी धसईला गेलो. आत्या ओट्यावर भात निवडत होती. सांगितलं.

"गुडघाभर?" तिनं सूप खाली ठेवलं. "कोनाच्या गुडघ्याएवडं? तुज्या का माज्या?"

"तुझ्या."

ती उठली, उंबऱ्याशी उभी राहिली, लुगडं जरा वर धरून आपल्या गुडघ्याकडे बघितलं. मग हात कमरेवर ठेवला.

"मंग जोतं कमरेएवडं घालते."

मी तिला सांगितलं की तसं नसतं. पाणी भोवती येईल, वाट जाईल, खाचरं तर पार बुडतील, खातं कोणालाच इथं राहू देणार नाही. ती ऐकत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खात्याचं खातं बघंल. तू मोजून सांगतलंस ना, गुडघाभर? बास. मला तेवडंच होवं होतं."

आजवर तिला कोणी काही मोजून सांगितलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा डॉक्टर "बघू" म्हणाला होता, आणि खातं तर खुंटी ठोकून निघूनच गेलं होतं. तिच्या दृष्टीनं मी पहिलं सरळ उत्तर आणलं होतं. पाडव्याला गवंडी आला. आणखी दगड आणले. कमरेएवढं जोतं, वर विटांचं घर, आणि चढायला उंच उंच दगडी पायऱ्या. पाड्यातली पोरं त्याला किल्ला म्हणायची.

धरण तिथं झालं नाही. काही वर्षांनी खात्यानं दुसरीच जागा पसंत केली. का, ते मला कळलं नाही. आमच्या कागदाचा त्याच्याशी संबंध असेल असं मला वाटत नाही. विद्यार्थ्यांचे कागद कोणी वाचत नाही. मी पास झालो, नोकरीला लागलो, गुजरातेत, मग आणखी लांब. मुरबाडकडे जाणं वर्षा-दोन वर्षांतून एकदा.

आत्या थकली. पाय आधी दुखायला लागले आणि मग त्यांनी ऐकायचंच सोडलं. शेजारची सून दोन वेळा जेवण वर आणून द्यायची. शेवटचा गेलो तेव्हा ती जोत्याच्या कडेला बसली होती, पाय खाली सोडून. पायऱ्या उतरून अंगणात आल्याला तिला किती दिवस झाले होते ते तिलाही सांगता येईना. खाली खाचरांत भाताच्या रोपांची आवणी चालली होती. बायकांची गाणी वरपर्यंत ऐकू येत होती आणि ती तिकडे बघत होती.

मला ओळखायला तिला थोडा वेळ लागला. मग म्हणाली, "पानी आलं नाय रे तुजं अजून."

"आता नाही येणार, आत्या."

"नक्की? मोजलंस?"

"नक्की."

तिनं दोन्ही हात माझ्याकडे पसरले.

"मंग मला खाली उतरव."